जेवणाची वेळ आणि बालकाचे वजन

(सावरगाव व पांढुर्णा–सौसर परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक आणि कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे या दोन्ही नावांची ओळख दूरवर पोहोचली आहे. परंतु या भूमीची खरी ओळख तिच्या पिकांत आहे. संत्र्यांचे बगीचे, कापूस, तूर आणि ज्वारी यांवर येथील संसार उभे आहेत. २०२३ साली सौसर व पांढुर्णा या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला; त्यापूर्वी हा सर्व भाग छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. ज्या घरांत धान्याची कोठी रिकामी नाही, दारात शेंगा वाळत आहेत, त्या घरांतीलही काही बालकांचे वजन महिनोन्‌महिने वाढत नाही, असे अंगणवाडीच्या तक्त्यावर जेव्हा दिसते, तेव्हा ते असे का, हा प्रश्न विचारणे आवश्यक होते.

या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. वारंवार होणारे जुलाब, अशुद्ध पाणी, जन्मतःच कमी असलेले वजन, मातेचा अशक्तपणा ही त्यांपैकी काही होत. परंतु एक कारण असे आहे की ज्याची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे जेवणाची वेळ. बालकाला काय दिले आणि किती दिले, याची चौकशी सर्वजण करतात. केव्हा दिले आणि दोन जेवणांमध्ये किती तास गेले, याची चौकशी क्वचितच होते.

वेचणीच्या दिवसांतील दिनक्रम

कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी हे दोन्ही हंगाम पावसाळ्यानंतर एकामागून एक, किंबहुना एकमेकांत मिसळून येतात. या काळात शेतमजूर व लहान शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया सकाळीच शिदोरी बांधून बाहेर पडतात आणि दिवस मावळताना परततात. समजा, एखाद्या घरात दीड वर्षाचे मूल आहे. आई निघण्यापूर्वी घाईघाईत त्याला चहात बुडवून भाकरीचे चार तुकडे दिले जातात. नंतर ते आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राहते. दुपारी ते रडले की त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा किंवा मुरमुरे येतात. सायंकाळी आई येते, पाणी भरते, चूल पेटवते. भाकरी आणि वरण तयार होईपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजतात. तोपर्यंत मूल झोपी गेलेले असते.

या घरात धान्य होते, तेल होते, आईची मायाही होती. तरीही त्या बालकाच्या पोटात दिवसभरात एकही पूर्ण जेवण गेले नाही. ही उपासमार दारिद्र्यापेक्षा घड्याळामुळे घडलेली आहे. आणि असे चार महिने गेले, तर त्याचा परिणाम वजनाच्या काट्यावर उमटल्यावाचून राहत नाही.

लहान पोटाचे गणित

प्रौढ मनुष्य दिवसातून दोनदा पोटभर जेवून दिवसभराचे काम करू शकतो. बालकाला ते शक्य नसते, कारण त्याचे जठर लहान असते. बालकाच्या शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे जठराची धारणक्षमता सुमारे ३० ग्रॅम धरली जाते. म्हणजे आठ किलो वजनाचे मूल एका वेळी फार तर २४० ग्रॅम, साधारण सव्वा ते दीड वाटी अन्न खाऊ शकते.

आता गरज पाहावी. एक ते दोन वर्षांच्या, आईचे दूध चालू असलेल्या बालकाला त्या दुधाखेरीज वरच्या आहारातून दररोज सुमारे ५५० उष्मांक मिळावे लागतात. पातळ पेजेच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० उष्मांक असतात. त्या हिशेबाने एका वेळच्या पेजेतून १२० आणि दोन वेळच्या पेजेतून २४० उष्मांक मिळतील. म्हणजे गरजेच्या निम्मेही नाहीत. पेज चार वेळा दिली तरी आकडा ४८० वर थांबतो. याउलट डाळ व तेल घातलेल्या घट्ट खिचडीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १०० उष्मांक असतात. तीच दोनदा दिली तर पुन्हा ४८० होतात. परंतु तीन वेळा दिली तर ७२० होतात आणि गरज भागते.

या साध्या गणितातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अन्न घट्ट हवे आणि ते अनेकदा हवे. या दोहोंपैकी एकाने काम भागत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जे मूल आधीच मागे पडले आहे, त्याचे जठरही लहान असते. म्हणून ज्याला अधिक खाण्याची गरज आहे, तेच एका वेळी कमी खाऊ शकते. त्याची भरपाई जेवणांची संख्या वाढवूनच होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला दिवसातून दोन ते तीन वेळा, आणि नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तीन ते चार वेळा जेवण, शिवाय एक-दोनदा मधले खाणे द्यावे असे सुचविले आहे, त्यामागे हेच कारण आहे.

शास्त्रज्ञांनी काय दाखविले

एके काळी असा समज रूढ होता की भारतीय बालकांच्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या अभावात आहे, आणि दूध, अंडी किंवा महागडी प्रथिनयुक्त पावडर दिल्याशिवाय ते दूर होणार नाही. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या समजाला आव्हान दिले. धान्य आणि डाळ यांचा नेहमीचा आहार पुरेशा प्रमाणात पोटात गेला, तर बहुतांशी प्रथिनांची गरजही त्यातूनच भागते. कमतरता असते ती मुख्यतः एकूण अन्नाची, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने तपासले. एक ते पाच वर्षे वयाच्या खेड्यांतील बालकांना नेहमीच्या घरच्या जेवणाखेरीज गव्हाचे पीठ, साखर आणि खाद्यतेल यांचा साधा पदार्थ रोज देण्यात आला. त्यातून सुमारे ३१० उष्मांक आणि केवळ ३ ग्रॅम प्रथिने मिळत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चौदा महिन्यांच्या अखेरीस त्या बालकांची उंची व वजन, असा पदार्थ न मिळालेल्या बालकांपेक्षा लक्षणीय अधिक वाढल्याचे आढळले. रोजचे एक जादा खाणे, आणि तेही घरच्या जिनसांचे, इतका फरक घडवू शकते, हा त्याचा व्यवहारातील अर्थ होय.

शाळेचे जेवण : भर की बदली?

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. २०२१ पासून ही योजना पीएम पोषण या नावाने चालते. प्राथमिक वर्गांतील मुलासाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे तिचे प्रमाण ठरलेले आहे.

तथापि, योजनेच्या आरंभी एक शंका घेतली जात होती. शाळेत जेवण मिळते म्हणून घरचे लोक मुलाच्या घरच्या जेवणात काटछाट करणार नाहीत काय? तसे झाले, तर शासनाचा खर्च होईल आणि मूल मात्र होते तेथेच राहील. या शंकेची तपासणी याच मातीत झाली, ही गोष्ट येथील लोकांनी अवश्य जाणून घ्यावी. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी २००४ साली तत्कालीन छिंदवाडा जिल्ह्यातील शाळांमध्ये, मुलांनी दिवसभरात प्रत्यक्ष काय खाल्ले, याच्या नोंदी घेतल्या. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. शाळेतील जेवणातून मिळालेल्या निरनिराळ्या पोषक द्रव्यांपैकी ४९ ते १०० टक्के भाग मुलांच्या रोजच्या आहारात खरोखरीची भर म्हणून जमा झाला होता. उष्मांकांची रोजची तूट जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाली होती.

हा निष्कर्ष येथील कुटुंबांना भूषणावह आहे. शाळेत जेवला म्हणून त्यांनी मुलाच्या घरच्या ताटातली भाकरी सरसकट काढून घेतली नाही. परंतु १०० आणि ४९ यांमधील अंतरही ध्यानात ठेवले पाहिजे. शाळेचे जेवण ही घरच्या जेवणावरील भर आहे, त्याची बदली नव्हे. ‘आज शाळेत जेवशीलच’ असे म्हणून सकाळची न्याहारी टाळली, तर ती भर निम्मी होते. आणि रविवारी, सणाला किंवा उन्हाळ्याच्या सुटीत तर दुपारचा घास पूर्णपणे नाहीसा होतो.

तीन वर्षांखालील बालक

शाळेत जाणाऱ्या मुलाला दुपारचे जेवण मिळते. तीन ते सहा वर्षांच्या बालकाला अंगणवाडीत न्याहारी आणि गरम भोजन मिळते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी मात्र आहार घरी नेण्यासाठी दिला जातो. तो शिजविणारे आणि भरविणारे कोणी दुपारी घरात नसले, तर पाकीट फडताळातच राहते. ज्या वयात वाढ सर्वांत वेगाने होते, नेमके त्याच वयातील बालकाची दुपार रिकामी जाते.

अंगणवाडी हा शब्दच मराठी मुलखाची देणगी आहे. १९४५ पासून बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी, मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचाराने हे कार्य उभारले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर पोहोचले. त्या मूळ विचाराचे सार असे की, मुलाच्या आणि मातेच्या सोयीप्रमाणे संस्थेने आपली वेळ ठरवावी. शेजारच्या छत्तीसगडमध्ये गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने ‘फुलवारी’ या नावाने गावोगावी पाळणाघरे चालविली. आई कामावर असताना सहा महिने ते तीन वर्षांची बालके गावातीलच एका स्त्रीच्या देखरेखीखाली राहतात आणि त्यांना सत्तू व खिचडी दिवसा वेळेवर भरविली जाते. वेचणीच्या चार महिन्यांपुरती का होईना, अशी सोय सावरगावसारख्या गावांत करणे ग्रामपंचायत आणि महिला बचत गट यांना अशक्य नाही.

दुसरी बाजू

वेळ चुकल्याचा परिणाम नेहमी कृशतेकडेच जातो असे नाही. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वंकष पोषण पाहणीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी २३ टक्के मुले वयाच्या मानाने कृश, तर सुमारे ४ टक्के मुले अधिक वजनाची आढळली. दोन्ही प्रकारची मुले एकाच वर्गात, प्रसंगी एकाच बाकावर बसलेली असतात.

बाजारपेठेच्या गावांतून एक साखळी सहज दिसून येते. रात्री दूरदर्शन किंवा मोबाइलपुढे उशिरा जेवण, त्यामुळे उशिरा झोप. सकाळी भूक नाही म्हणून न्याहारी नाही. मधल्या सुटीत दुकानातील तळलेली, खारट पुडी. आणि त्यामुळे शाळेच्या वरण-भाताची भूक मेलेली. न्याहारी टाळणाऱ्या आणि कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये अधिक वजनाचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. केवळ जेवणाच्या वेळेमुळेच वजन वाढते, असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल. कारण अशा मुलांचे खाणे, खेळणे आणि झोपणे या तिन्ही गोष्टी एकदमच बिघडलेल्या असतात. परंतु साखळी तोडावयाची तर तिची सर्वांत सोपी कडी जेवणाची वेळ हीच आहे. आणि हीच साखळी कृश मुलाला अधिक कृश करते, कारण पुडीने भूक मरते पण पोषण होत नाही.

वजन घेण्याचीही वेळ

एक बाब अंगणवाडी कार्यकर्त्या आणि पर्यवेक्षिका यांच्यासाठी महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या प्रमाणानुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो व मुलीचे ८.९ किलो असते. दोन वर्षांचे झाल्यावर ते अनुक्रमे १२.२ आणि ११.५ किलो होते. म्हणजे या वर्षात महिन्याकाठी सरासरी वाढ दोनशे ग्रॅमच्या जवळपास असते. परंतु एका वेळचे जेवण आणि पाणी यांचे वजनही तितकेच भरते! मागील महिन्यात उपाशीपोटी आणि या महिन्यात जेवणानंतर वजन घेतले, तर मुळीच न वाढलेले मूलही वाढलेले दिसेल. उलट झाले तर वाढणारे मूल थबकलेले दिसेल. म्हणून दर महिन्याला एकाच सुमारास, शक्यतो अंगणवाडीतील खाण्यापूर्वी, कमीत कमी कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन घ्यावे. सलग दोन महिने वजन वाढले नाही, तर आईला पहिला प्रश्न असा विचारावा : ‘बाळ काल किती वेळा जेवले, आणि केव्हा केव्हा?’

कोणी काय करावे

घरातील मंडळींनी पुढील गोष्टी सहज कराव्या. सकाळच्या स्वयंपाकात बालकाचा वाटा आधी काढावा आणि आई निघण्यापूर्वी त्याला पोटभर भरवावे. चहा हे अन्न नव्हे. तो भूक मारतो आणि अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतो. दुपारसाठी लवकर न नासणारे खाणे ठेवावे : शेंगदाणे, तीळ व गूळ यांचा लाडू, भाजलेल्या डाळ-धान्याचे पीठ, केळे. सकाळचे ओले अन्न उन्हाळ्यात दिवसभर ठेवून देणे धोक्याचे आहे. तीन वर्षांखालील बालकाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. कुटून किंवा दळून द्यावेत. हंगामात संत्रे जेवणासोबत द्यावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे भाकरी-वरणातील लोह शरीरास अधिक मिळते. सायंकाळी आई परतताच, चूल पेटण्याची वाट न पाहता बालकाला काही खाऊ घालावे आणि शिजलेला पहिला वाटा, थंड करून व कुसकरून, त्यालाच द्यावा. घरधन्याचे ताट प्रथम वाढण्याची रीत असेल तर ती राहू द्यावी. मात्र त्या ताटाशेजारी बालकाची स्वतंत्र ताटलीही असावी, म्हणजे त्याने किती खाल्ले हे सर्वांना दिसेल. बालकाच्या जागेपणी तीन तासांहून अधिक वेळ रिकामा जाऊ नये, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे. भरविण्याचे काम एकट्या आईचे नाही. वडील, आजोबा आणि आजी यांनीही ते करावे.

शिक्षकांनी शाळेतील भोजनाची वेळ ठरलेली ठेवावी. स्वयंपाकास उशीर झाला की लहान वर्गांना प्रथम बसवावे. सकाळी न खाता आलेली मुले कोणती, हे चारचौघांत न विचारता हलकेच जाणून घ्यावे. गरिबीची लाज वाटून मूल खोटे बोलते. शाळेच्या दारातील पुड्यांची विक्री भोजनापूर्वी होऊ नये, यासाठी पालक व दुकानदार यांच्याशी सामोपचाराने बोलावे.

अधिकाऱ्यांनी कागदावर किती ताटे वाढली गेली याबरोबरच ती केव्हा वाढली गेली, याचीही पाहणी करावी. वेचणी व तोडणीच्या हंगामात अंगणवाडी उघडण्याची वेळ माता घराबाहेर पडण्याच्या वेळेशी जुळते काय, हे प्रत्येक गावी तपासावे.

एक इशारा

वेळापत्रक हे धान्याची जागा घेऊ शकत नाही. ज्या घरात खरोखरच अन्नाची वाण आहे, तेथे वेळेचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय; तेथे प्रथम शिधापत्रिका, मजुरी आणि अंगणवाडीतील नोंद यांची व्यवस्था झाली पाहिजे. तसेच सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, पायांवर सूज आली किंवा त्याने खाणेच सोडले, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. तेथील डॉक्टरांनी सांगितल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार होतात.

मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५–१६ मध्ये ४२.८ टक्के होते, ते २०१९–२१ च्या पाहणीत ३३ टक्क्यांवर आले. हे यश लहान नाही. तरीही तीन बालकांमागे एक बालक मागे राहिले, ही वस्तुस्थिती आहे. त्या तिसऱ्या बालकासाठी दर वेळी नवी योजनाच लागेल असे नाही. पुष्कळदा घरात असलेलेच अन्न, त्याच्या भुकेच्या वेळी, जागेपणी, कोणीतरी समोर बसून त्याला भरविणे एवढेच लागते. संत्र्याच्या झाडाला पाणी किती दिवसांनी द्यावे, ताण केव्हा द्यावा आणि तो केव्हा तोडावा, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. एक पाळी चुकली तर बहार गळतो, हे तो जाणतो. बालकाच्या बाबतीत तर ताण कधीच द्यावयाचा नसतो. तेथे प्रत्येक पाळी वेळेवर दिली गेली पाहिजे.